लिहून दिलंत, वाचून दाखवलंत का?

एआयकडून वाक्यं नीट करून घेणाऱ्यांना हसायची सध्या पद्धत पडली आहे. हसणारे बहुतेक लिहिता येणारे लोक. 'साहेबांना समजेल असं जरा लिहून द्या ना' म्हणत ज्यांना कधी कुणापुढे उभं राहावं लागलं नाही, त्यांनाच भाषेच्या अस्सलपणाची काळजी जास्त. त्यांनी एकदा सुरतेला, पर्वत पाटियावर यावं.

पर्वत पाटियापासून कडोदऱ्याच्या रस्त्याने सारोलीकडे निघालं की कापड मार्केटं संपता संपत नाहीत. आजूबाजूला लिंबायत, गोडादरा, डिंडोली. मार्केटांतले मालक बहुतेक मारवाडी नाहीतर गुजराती. पार्सलं बांधणारे, टेम्पो भरणारे, चोपडा लिहिणारे यांच्यात धुळे, नंदुरबार, जळगावकडचे पुष्कळ. भुसावळ-सुरत गाडीने पिढ्यान्‌पिढ्या खानदेशातून माणसं इथे आणून सोडली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा खानदेशी असलेले साडेअठरा लाखांच्या आसपास निघाले, आणि ते मराठीच्या खात्यात धरले गेले नाहीत, वेगळे मोजले गेले. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या शाळेतून बाहेर पडलेल्या पोराला पुढे अर्ज द्यायचा असतो तो गुजरातीत. चार भाषा बोलणारं माणूस, आणि चारही भाषांतलं लिखाण दुसऱ्याच्या ताब्यात.

त्यामुळे लिहून देणारा इथे कायमच लागला. आधी पोस्टाबाहेर मनिऑर्डरचा फॉर्म भरून देणारा, मग कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून बसणारा, मग झेरॉक्सवाला. आता झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा फोन पुढे करतो, समोरची बाई बोलते, आणि अर्ज छापून बाहेर येतो. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा प्रोग्रामरांचं काय होईल, पत्रकारांचं काय होईल, विद्यार्थी कॉपी करतील का, यावर रकानेच्या रकाने भरले. या बाईंचा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही सोय झाली हे उत्तम झालं. शुद्ध लिहिण्याला आपल्याकडे जो मान आहे, त्यातला बराचसा जकात नाक्यावर बसणाऱ्याचा मान आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना १९६२ मध्ये सरकारी मान्यता मिळाली, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. छपाईला, पाठ्यपुस्तकांना असे नियम हवेतच. पण वापर झाला तो माणसं जोखायला. 'न' आणि 'ण' मध्ये गफलत केली, डोळ्याला 'डोया' म्हटलं, वेलांटी चुकली, की पुढचा मजकूर वाचायच्या आतच समोरच्याचा भाव ठरायचा. या माणसाला बसायला सांगायचं की उद्या या म्हणायचं, हे वेलांटीवर ठरलेलं मी पाहिलं आहे. फोन ती वेलांटी एका क्षणात सुधारतो. नाक्यावरची वसुली बंद पडली. 'आता सगळ्यांचीच भाषा सारखी झाली हो' म्हणून जे हळहळतात, त्यांच्यातल्या काहींचं दुःख भाषेचं असेल. बाकीच्यांचं बुडालेल्या वसुलीचं आहे.

एवढं मान्य करूनही एक अर्ज डोळ्यांसमोरून जात नाही. जून २०२५ मध्ये सुरतेच्या खाडीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं, त्यानंतरचा. कोणत्या कचेरीला द्यायचा होता ते सोडून देऊ. बाई फोनमध्ये बोलत होत्या ते साधारण असं: पाणी रात्री चढलं, खालच्या मीटरच्या पेटीला लागलं. तीन दिवस लाईट नाही. पाहणीला आला तो माणूस जिना चढलाच नाही, खालूनच फोटो काढून गेला. दुसऱ्या मजल्यावर सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना खाली कसं उतरवलं ते आमचं आम्हाला माहीत. अर्धं मराठीत, अर्धं अहिराणीत, मधे एक-दोन शब्द हिंदी. पोराने बटण दाबलं. गुजरातीत जे छापून आलं ते मराठीत सांगायचं तर असं होतं: 'अतिवृष्टीमुळे उद्भवलेल्या परिस्थितीत आमच्या परिसरातील नागरिकांना मोठ्या प्रमाणावर गैरसोयीला सामोरे जावे लागत असून, संबंधित विभागाने सदर बाबीची गांभीर्याने दखल घेऊन योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.'

व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. मीटर गेलं, तीन दिवस गेले, जिना गेला, फोटोवाला गेला, सासूबाई गेल्या. हा अर्ज सुरतेतून निघाला की सांगलीतून, २०२५ च्या पुराचा की २०१९ च्या, वाचून सांगता येणार नाही. आणि 'योग्य ती कार्यवाही' म्हणजे काय करायचं, ते ना मागणाऱ्याने सांगितलं ना देणाऱ्याला कळणार.

बाई मात्र खूश झाल्या. पोराने पहिली ओळ म्हणून दाखवली, तर म्हणाल्या, 'भारी लिहिलंस.' त्यांच्या आनंदाला मी हसणार नाही. जन्मभर त्यांच्या हातात कचेरीतून जे कागद पडले ते याच आवाजात बोलत होते. त्या आवाजात आपल्यालाही एकदा बोलता आलं, याचं समाधान खोटं नाही. गडबड एवढीच, की कचेरीचा हा आवाज मुळात काही न सांगण्यासाठी घडवलेला आहे. चूक कुणाची हे कळू नये, तारीख अंगावर येऊ नये, वचन सापडू नये, म्हणून 'करण्यात येईल', 'दखल घेण्यात आली आहे' अशी बिनकर्त्याची वाक्यं लिहिली जातात. कचेरीला ते परवडतं. अर्जदाराने तोच आवाज उसना घेतला, तर त्याच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं तो स्वतःच्या हाताने देऊन टाकतो. कारण त्याच्याजवळ दुसरं काही नसतंच, तपशील असतात.

गंमत अशी, की तोच फोन नीट अर्जही लिहू शकतो. 'बाई जे बोलल्या त्यातलं काहीही गाळू नकोस, पदरचं काही घालू नकोस, आणि मागणी काय ते त्यांना विचारून शेवटी वेगळं लिही,' एवढं सांगितलं असतं तर असं काहीतरी आलं असतं: 'पाणी रात्री इमारतीच्या वीजमीटरपर्यंत चढले. त्यानंतर तीन दिवस वीज नव्हती. पाहणीस आलेली व्यक्ती वरच्या मजल्यावर आली नाही, खालूनच फोटो काढून गेली. दुसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई राहतात, त्यांना आम्हीच खाली उतरवले. पुन्हा पाहणी करावी व मीटर उंचावर बसवावेत.' पाच छोटी वाक्यं. यात सफाई नाही आणि तिची गरजही नाही. याहून चांगली रीत म्हणजे यंत्राला लिहायलाच न सांगता विचारायला सांगणं: या अर्जात काय राहिलंय? कोणत्या तारखेला? मीटर कुणाच्या नावावर? जुने अर्जनवीस आधी हेच विचारायचे, तेही दटावून. त्यांची भाषा रुक्ष असे, पण सर्व्हे नंबर कधी सुटत नसे.

आपलं वाक्य दुसऱ्याच्या हाताने सरळ करून घेणं मराठीला नवं नाही, आणि त्या इतिहासात सुरतही आहे. १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेत शिक्षक होते.  

त्याच काळात मराठी वाक्यावर आणखी एक हात फिरत होता, मेजर थॉमस कॅंडी यांचा. १८३१ च्या मोल्सवर्थच्या कोशात त्यांचा हात होता, १८४७ मध्ये त्यांचा इंग्रजी-मराठी कोश आला, आणि मराठीत विरामचिन्हं रुजवल्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. शालेय पुस्तकं आणि सरकारी भाषांतरं यांतली मराठी तपासायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. म्हणजे मराठी पंडितांनी लिहिलेली मराठी बरोबर आहे की नाही, हे एक इंग्रज अधिकारी ठरवत होता. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला सुरू झाली, तिने या इंग्रजी वळणाच्या पुस्तकी मराठीचा समाचार घेतला. शास्त्रीबुवांचा राग रास्त होता. पण तो राग व्यक्त करणाऱ्या लांबलचक वाक्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली ती कॅंडीच्या स्वल्पविरामांनी, हेही तितकंच खरं.

एआयच्या मराठीबद्दल बोलताना मला हे दोन्ही लागतं. यंत्राने वाक्य तोडून दिलं, कर्ता-कर्म जागेवर आणलं, तर तो स्वल्पविराम समजून घ्यावा. नाक मुरडू नये. मात्र त्याच्या कानाला वळण कुठलं आहे, ते विसरू नये. इंटरनेटवर जी मराठी मुबलक सापडते, ती बरीचशी वर्तमानपत्री, सरकारी आणि भाषांतरित. पर्वत पाटियाच्या पॅकिंगच्या खोलीतली मराठी तिथे कुणी टाकलेली नाही. 'करण्यात येत आहे' यंत्राने कुठून शोधून काढलं नाही, आपणच पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलं, ते त्याने उचललं. कॅंडीला निदान नाव होतं, पत्ता होता, त्याच्या मराठीवर निबंध लिहिता येत होता. इथे भांडायला समोर कुणी नाही. आणि हात मात्र एकाच वेळी लाखो अर्जांवरून फिरतो आहे.

इथवर स्पष्टतेचं झालं. सुराचं प्रकरण जास्त नाजूक आहे, आणि तिथे माझं मत जास्त कडक आहे.

ॲपलने आयफोनमध्ये लेखनाची जी साधनं दिली, त्यांत मजकूर बदलून घ्यायला तीन बटणं आहेत: फ्रेंडली, प्रोफेशनल, कन्साइज. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने असंच. इंग्रजी ऑफिसात दिवसाला पन्नास ईमेल पाठवणाऱ्यांना ही वाटणी पुरत असेल. मार्केटात महाराष्ट्रातल्या पार्ट्या सांभाळणाऱ्या एखाद्या खानदेशी मुनिमाला ती कशी पुरावी? त्याचं खरं लिखाण म्हणजे उघराणी, उधारीची वसुली. खानदेशातल्या एखाद्या गावच्या साडीच्या दुकानदाराला त्याने व्हॉट्सॲपवर असं लिहिलं, समजा:

'आप्पा, दिवाळीचा माल, आता आखाजी आली. शेठला तुमचा शब्द मी दिला होता, तो रोज मलाच विचारतो. सगळे नको, निम्मे टाका. लग्नसराईचं पार्सल मग मी अडू देत नाही.'

यात काय काय आहे बघा. उधारी किती जुनी, ते सणांच्या हिशेबात सांगितलंय: दिवाळी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आप्पांचा स्वतःचा धंदा त्याच हिशेबात चालतो. मुनिमाने स्वतःची पत गहाण टाकली आहे, याची आठवण आहे. निम्म्यावर तोड आहे. आणि शेवटच्या ओळीत धमकी आहे, ती मदतीच्या रूपात: पार्सल अडणार आहे, मी सोडवून देईन. आता 'प्रोफेशनल' दाबा. 'नमस्कार, आपल्या खात्यावरील थकीत रकमेसंदर्भात आपणास नम्रपणे स्मरण करून देत आहोत. कृपया सदर रक्कम लवकरात लवकर अदा करून सहकार्य करावे.' आप्पांना हे वाचून पहिली शंका येईल ती मुनीम नोकरी सोडून गेला की काय, ही. दुसरी, शेठ वकिलाकडे गेला की काय. 'फ्रेंडली' दाबलं तर आणखी पंचाईत. 'आशा आहे की आपण आनंदात असाल' अशी सुरुवात होते. असं आपल्यात कुणी कुणाला लिहीत नाही, आणि पैसे मागताना तर मुळीच नाही. उधारी थकलेल्या माणसाला आनंदात आहात ना विचारणं हा टोमणा होतो.

यंत्राला मराठी कमी येते, अशी माझी तक्रार नाही. ती दर सहा महिन्यांनी सुधारते आहे, आखाजी काय ते उद्या त्याला ठाऊक होईल. अडचण मूळची आहे: सूर हा दोघांमधल्या व्यवहाराचा भाग आहे, आणि त्या व्यवहारात यंत्र नाही. आप्पांनी मागच्या वेळी कसा शब्द पाळला, त्यांच्या घरी यंदा लग्न आहे की मयत झाली, शेठ खरंच माल अडवणार की नुसता गुरगुरतोय, हे मुनिमाला माहीत आहे आणि त्यातलं निम्मं तो कधीच लिहिणार नाही. न लिहिलेल्यावर सूर ठरतो. ते फोनला सांगत बसण्यापेक्षा मेसेज स्वतः लिहिणं सोपं.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मार्केटने अनुभवली आहे. आयकर कायद्यातलं ४३बी(एच) हे कलम १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. मुदत उलटली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च हिशेबात धरता येत नाही. उधारीवर उभ्या असलेल्या सुरतेच्या बाजाराला त्या वर्षी याने चांगलाच घाम फोडला. अशा वेळी आप्पा, आखाजी काही कामाचं नाही. बिल नंबर, तारीख, रक्कम, मुदत, एवढंच हवं आणि कोरडं हवं. उद्या प्रकरण वाढलं तर तो कागद पुरावा आहे. इथे यंत्राला बसवावं, ते माणसापेक्षा नीट लिहील. पण आता नातं बाजूला ठेवून कागदावर बोलायचं, हा निर्णय मुनिमाचा आणि शेठचा. बटण दाबताना आपण तो निर्णय घेतोय हे दाबणाऱ्याला कळत नाही, आणि नातं मोडतं ते नकळत मोडतं.

मग करायचं काय? शिकवण्या देण्यापेक्षा मला कायद्यातली एक जुनी साधी तरतूद पुढे करावीशी वाटते. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुणी पोलीस ठाण्यात येऊन तोंडी दिली, तर ती लिहून घ्यायची, खबर देणाऱ्याला वाचून दाखवायची आणि मग त्याची सही घ्यायची. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५४ व्या कलमात हे होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमातही आहे. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा सांगतो, की ज्याला लिहून अर्ज देता येत नाही त्याचं तोंडी म्हणणं कागदावर आणायला माहिती अधिकाऱ्याने मदत करावी. गावाकडच्या खरेदीखताचंही तसंच: लिहितो एक, 'लिहून देणार' दुसरा, आणि मजकूर वाचून समजून घेतल्याचं खताच्या शेवटी लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात हे किती पाळलं जातं तो भाग निराळा. पण दुसऱ्याच्या हातून लिहिलेलं वाक्य आपलं कधी होतं, याचं उत्तर या जुन्या लोकांनी शोधून ठेवलं होतं. वाचून दाखवल्यावर 'हो, हेच म्हणायचं होतं' असं तो म्हणाला, की होतं.

एआयच्या मराठीला आणि गुजरातीला हीच अट घालावी, एवढंच माझं मागणं आहे. छापण्याआधी वाचून दाखवा, तेही बाईंच्या बोलीत. गुजरातीत जे आलं ते पुन्हा अहिराणीत सांगा, निदान साध्या मराठीत सांगायचं काम तोच फोन बऱ्यापैकी करू शकतो. बाईंना तो अर्ज असा परत ऐकवला असता, तर 'भारी लिहिलंस' म्हणणाऱ्या त्याच बाई विचारत्या, 'मीटरचं कुठे रे गेलं? आणि त्या फोटोवाल्याचं?' त्यांना गुजराती लिहिता येत नाही. आपण काय बोललो होतो ते मात्र पक्कं लक्षात असतं. तपासनीस म्हणून त्यांच्याइतकं लायक त्या दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

याची निकड वाढणार आहे, कारण टेबलाच्या पलीकडेही हेच यंत्र येतं आहे. अर्जांचा ढीग पडला की गोषवारा काढायला साहेब त्यालाच सांगतील. 'मोठ्या प्रमाणावर गैरसोय' असं छापलेल्या अर्जाचा गोषवारा निघेल: पाण्याबाबत तक्रार. शेजारच्या सोसायटीच्या अर्जाचाही तोच, त्याच्या पलीकडच्याचाही तोच. एका यंत्राने फुगवायचं, दुसऱ्याने पिळून काढायचं, आणि मधे मीटर कितीपर्यंत बुडालं ते कुणालाच कळायचं नाही. ज्या अर्जात मजला आहे, तारीख आहे, वर न आलेला माणूस आहे, त्याच्या गोषवाऱ्यात निदान त्यांतलं काही शिल्लक राहायची शक्यता आहे.

झेरॉक्सवाल्या पोराला मी दोष देत नाही. पानाचा दर ठरलेला आहे, टायपिंगचा ठरलेला आहे, पिवळ्या फायलीचासुद्धा आहे. वाचून दाखवायचा दर त्या पाटीवर नाही, आणि मागे आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी रांग लागलेली असते.